रिकॉलमध्ये काय येतं आणि काय येत नाही: जुन्या एसयूव्हीच्या वायरिंगचं काम

गाडी २०१३ ची, डिझेल, सात सीटची. नोंदणी पुण्याची, सेकंडहँड घेऊन सोलापुरात आणलेली. तक्रारी अशा होत्या: एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा मनाला येईल तेव्हा लागायचा. खड्डा आला की डावा हेडलाइट मिचकायचा. तीन-चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ नुसता टक् करून गप्प बसायचा. एअरबॅगचा दिवा तर कायमचाच. तपासाअंती या तक्रारींची कारणं वेगवेगळी निघाली, आणि कंपनीच्या रिकॉलमध्ये, म्हणजे दोष असलेल्या गाड्या परत बोलावून फुकट दुरुस्त करण्याच्या मोहिमेत, त्यातलं एकच बसत होतं. बाकीची कामं पदरच्या पैशांनी, आणि बरीचशी बाहेरच्या वायरमनकडून झाली. रिकॉल आहे म्हटल्यावर गाडी देऊन निर्धास्त व्हायचं अशी बहुतेकांची समजूत असते. गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल तर ती समजूत सोडूनच वर्कशॉपमध्ये जावं.

आधी रिकॉल आहे का, हे बघायचं. आरसीवरचा चेसिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, त्यामुळे तसं काही दिसलं तर ते एक किंवा शून्य समजून टाकायचं. हा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की रिकॉल लागू आहे का ते कळतं. सियाम या वाहन उत्पादकांच्या संघटनेच्या वेबसाइटवरही ऐच्छिक रिकॉलचं पान आहे. सेकंडहँड गाडीत घोळ असा होतो की रिकॉलचं पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. आरटीओत नाव बदललं तरी कंपनीच्या नोंदीत ते आपोआप बदलत नाही. वर्कशॉपमध्ये आरसीची प्रत देऊन मालकाचं नाव आणि मोबाइल नंबर बदलून घ्यावा लागतो, तोही सर्व्हिस काउंटरवर स्वतः उभं राहून.

स्क्रीनवर रिकॉल ‘क्लोज्ड’ दिसला तरी तिथे थांबू नका. कुठल्या वर्कशॉपनं, कोणत्या तारखेला, कुठला पार्ट नंबर लावून बंद केला, याची सर्व्हिस हिस्ट्री छापून मागा. ‘तपासलं, ओके’ एवढं लिहूनही रिकॉल बंद होतो आणि पार्ट बदलूनही बंद होतो. सिस्टिमला दोन्ही सारखेच. आमच्या हातातल्या गाडीवर तो ‘ओपन’ होता, एवढं नशीब.

कायद्याची बाजू थोडक्यात. सियामनं ऐच्छिक रिकॉलची संहिता २०१२ मध्ये आणली. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-ए आलं आणि सक्तीच्या रिकॉलचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दंडाची तरतूद १० लाखांपासून १ कोटीपर्यंत आहे. पण ते नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांसाठी आहेत. २०१३ च्या गाडीला त्यांचा उपयोग नाही. तिथे कंपनीनं स्वतः जाहीर केलेला रिकॉल हाच आधार, म्हणून त्याचा कॅम्पेन नंबर (कंपनीनं त्या रिकॉलला दिलेला क्रमांक) आणि नेमका मजकूर हातात असणं महत्त्वाचं.

मजकूर किती अरुंद असू शकतो, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ह्युंदाई आणि किया यांनी तिथे ३३ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. एबीएसच्या युनिटमध्ये ब्रेक ऑइल झिरपून आत शॉर्ट होण्याचा आणि उभ्या गाडीलाही आग लागण्याचा धोका होता. दुरुस्ती होईपर्यंत गाडी घरापासून लांब, उघड्यावर लावा असं सांगितलं गेलं. आणि उपाय काय, तर युनिटकडे जाणारा करंट मर्यादित ठेवणारा नवा फ्यूज. युनिट बदलून देणं त्यात नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या फ्यूजनं आगीचा धोका आटोक्यात येतो हे खरं, पण रिकॉल जाहीर केलेला धोका काढतो, दोष काढतोच असं नाही.

आमच्या गाडीचा रिकॉल इंजिन बेमधल्या (बॉनेटखालच्या जागेतल्या) डाव्या हार्नेसचा होता. बॅटरीच्या ट्रेखालून हेडलाइट आणि एबीएस युनिटकडे जाणारा वायरचा जुडगा एका पत्र्याच्या ब्रॅकेटला घासतो. तपासणी करायची, घासलेला नसेल तर जाड स्लीव्ह आणि क्लिप लावायची, तांबं उघडं पडलं असेल तर तो भाग बदलायचा. एवढंच.

गाडी देण्याआधी स्वतःचे आकडे काढून ठेवायचे. पाचशे-सातशे रुपयांचं डिजिटल मल्टिमीटर पुरतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज सकाळी, बॉनेट उघडून किल्ली न लावता मोजा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊणएक, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० ला जवळजवळ रिकामी. मग कुणाला तरी सेल्फ मारायला सांगून त्या वेळी व्होल्टेज किती खाली जातं ते बघा. ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा तिची जोडणी संशयित. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.६ यायला हवेत. त्यानंतर मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीवरच मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अल्टरनेटरमधला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्रातला) डायोड गेलेला असण्याची शक्यता असते. हा डायोड गेला तर रात्री गाडी बंद असतानाही बॅटरी उतरते आणि दिवसा एबीएसला आणि ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) भलभलते सिग्नल जातात. ही शेवटची तपासणी सहसा कुणी करत नाही, आणि लोक धडाधड नव्या बॅटऱ्या घेत सुटतात.

बॅटरीचं सोलापुरात वेगळं गणित आहे. एप्रिल-मे मध्ये बाहेर ४२-४३ अंश असतात तेव्हा बंद गाडीच्या बॉनेटखाली ते कितीतरी वर जातं. लेड-अॅसिड बॅटरीचं तापमान दहाएक अंशांनी वाढलं की आयुष्य निम्म्यावर येतं असा ढोबळ हिशेब आहे. गॅरंटी कार्डावर काहीही छापलेलं असो, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत तीन उन्हाळे निघाले तर समाधान मानावं. पाण्याची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्यातून एकदा सेल बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बोअरचं पाणी नको, आरओचंही नको. सोलापूरच्या बोअरचे क्षार प्लेटवर बसतात ते निघत नाहीत.

आता वर्कशॉप. जॉब कार्ड दोन करून घ्यायची: एक फक्त रिकॉलचं, शून्य रकमेचं, कॅम्पेन नंबर लिहिलेलं, दुसरं पैशांच्या कामाचं. एकाच कार्डावर दोन्ही चढवलं की पुढे भांडायला जागा राहत नाही. तक्रार ‘एबीएस लाइट’ एवढीच लिहू देऊ नका. ‘हेडलाइट आणि ब्लोअर चालू असताना, खडबडीत रस्त्यावर एबीएस दिवा लागतो’ असं परिस्थितीसकट लिहायला लावा.

पहिला नकार आला तो बाहेरच्या फिटिंगवरून. गाडीत आधीच्या मालकानं मोठी म्युझिक सिस्टिम आणि अॅम्प्लिफायर बसवला होता. अॅडव्हायझर म्हणाला, “साहेब, बाहेरून वायर कापलीय की वो, आता रिकॉल कसा करायचा?” वॉरंटीच्या बाबतीत हा मुद्दा काही वेळा खरा असतो. पण रिकॉलचा हार्नेस बॉनेटखाली डाव्या बाजूला, आणि अॅम्प्लिफायरची वायर उजव्या बाजूनं केबिनमध्ये गेलेली; दोन्हींचा संबंध नाही. असं असेल तेव्हा वाद न घालता म्हणायचं, हेच कारण जॉब कार्डवर लिहून सही करून द्या. लेखी द्यायची वेळ आली की कारण बऱ्याचदा बदलतं. इथेही बदललं.

ट्रे काढल्यावर ब्रॅकेटजवळ वायरची काळी जाळी फाटलेली आणि आतलं तांबं उघडं दिसलं. मग पार्टची वाट. इथे जुन्या गाडीची खरी अडचण येते. एकाच मॉडेलला हार्नेसचे अनेक प्रकार असतात: फॉगलॅम्प असलेला, नसलेला, एबीएसवाला, बिगर एबीएसचा. पार्ट नंबरच्या शेवटच्या एक-दोन अक्षरांत तो फरक असतो. आलेल्या पहिल्या हार्नेसच्या कपलरमध्ये फॉगलॅम्पच्या पिनाच नव्हत्या. तो परत गेला आणि वाट पुन्हा पहिल्यापासून. म्हणून ऑर्डर टाकताना चेसिस नंबरवरून काढलेला पार्ट नंबर आणि जुन्या हार्नेसच्या पांढऱ्या स्टिकरवरचा नंबर ताडून बघायला सांगा. स्टिकर उन्हानं पुसट झालेला असतो, मोबाइलच्या टॉर्चखाली तिरपा धरला तर वाचता येतो.

पार्ट येईपर्यंत उघडं तांबं तसंच ठेवू नये. कापडी हार्नेस टेप गुंडाळून, टाय लावून जुडगा ब्रॅकेटपासून लांब ओढून बांधायचा. साधी पीव्हीसी टेप चालत नाही. इथल्या उन्हात इंजिनजवळ तिचा गोंद पातळ होऊन टेप सुटते आणि चिकट राड तेवढी उरते.

वर्कशॉपनं हार्नेसचा भाग बदलला, एबीएसच्या मॉड्यूलवर (कंट्रोल युनिटवर) सॉफ्टवेअर अपडेटही मारलं. अपडेटच्या वेळी बॅटरीला बाहेरून चार्जर जोडलेला आहे ना, ते विचारा. मध्येच व्होल्टेज पडलं तर मॉड्यूल अर्धवट राहतं आणि मग ‘मॉड्यूल खराब आहे’ म्हणून त्याचं एस्टिमेट आपल्याच हातात येतं. काढलेला जुना हार्नेस बघायला मागा. फोटो काढा. रिकॉल ‘क्लोज्ड’ झाला.

आणि हेडलाइट मिचकायचा तो मिचकतच राहिला. एबीएसचा दिवाही अधूनमधून परत आला.

इथून पुढचं काम वायरमनचं. त्याच्याकडे चांगला स्कॅनर, म्हणजे मॉड्यूलमध्ये नोंदलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, आहे का ते आधी बघा. ब्लूटूथचा स्वस्त डोंगल फक्त इंजिनचे ‘पी’नं सुरू होणारे कोड वाचतो. एबीएसचे ‘सी’, एअरबॅगचे ‘बी’ आणि मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या नेटवर्कचे ‘यू’ कोड वाचायला त्या कंपनीला चालणारा स्कॅनर लागतो. ‘यू’ कोडांची रांग बघून घाबरू नका. सेल्फ मारताना व्होल्टेज पडलं तरी मॉड्यूल एकमेकांवर ‘बोलत नाही’ अशा तक्रारी नोंदवतात. सगळे कोड लिहून घ्या, पुसा, गाडी फिरवा आणि परत कोणते येतात तेवढेच खरे धरा. फिरवायची तर सपाट हायवेवर नको. तुळजापूरचा घाट एसी लावून चढवला आणि येताना एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवरून आणली की उष्णता, लोड आणि हादरे तिन्ही मिळतात.

नेटवर्कची एक चाचणी मीटरनंच होते. बॅटरीची मायनस काढा, काही मिनिटं थांबा आणि ओबीडी कपलरच्या (स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, ते समांतर असल्यानं ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एका टोकाची वायर तुटलेली, शून्याजवळ आले तर दोन्ही वायर एकमेकींना चिकटलेल्या. आमच्याकडे ६१ आले, म्हणजे नेटवर्क ठीक.

मग अर्थिंग. जुन्या गाडीच्या विजेच्या तक्रारींत मी तरी पहिला संशय अर्थवर घेतो, फ्यूज आणि रिले नंतर. अर्थ तपासायला ओहम मोजून उपयोग नाही. गंजलेल्या बोल्टमधूनही मीटरचा बारीक करंट आरामात जातो आणि आकडा शून्य येतो. लोड देऊन व्होल्टेज ड्रॉपच, म्हणजे वाटेत किती व्होल्ट वाया जातात तेच, मोजायचा. इंजिन चालू, हेडलाइट अप्पर, ब्लोअर फुल. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसच्या शिशाच्या खुंटीवर, थिंबलवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नाही, आणि दुसरी हेडलाइटच्या अर्थ वायरवर. ०.१ व्होल्टच्या आत असलं तर उत्तम. आमच्याकडे ०.८ आले. तसंच बॅटरी मायनस ते इंजिन ब्लॉक, सेल्फ मारताना, ०.२ च्या वर नको.

दोष हेडलाइटच्या मागे फेंडरच्या आतल्या पत्र्यावर, दहाच्या पान्यानं खुलणाऱ्या बोल्टवर होता. तिथेच हेडलाइट, फॉगलॅम्प आणि एबीएसच्या अर्थच्या वायरी एकत्र येतात. नवा हार्नेस त्याच गंजलेल्या बोल्टवर कसलेला. रिकॉलच्या सूचनेत बोल्ट साफ करा असं लिहिलेलं नाही, म्हणून तो कुणी साफ केला नाही. मेकॅनिकचा यात फारसा दोष नाही. त्याला त्या कामाचे ठरावीक तास मिळतात आणि ठरावीक ओळी पाळायच्या असतात. पण मालकाची गाडी दुरुस्त होत नाही ती नेमकी इथे.

काम असं: बॅटरीची मायनस आधी काढायची. बोल्ट खोलून पत्र्यावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरनं चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढायचा, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा गोल. थिंबल दोन्ही बाजूंनी घासायची; हिरवी पडली असेल तर कापून नवी. थिंबलखाली दातेरी वॉशर, बोल्ट घट्ट, आणि नंतर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी लावून मग कसायचं नाही. हिरवा क्षार वायरच्या आत बराच लांब चढलेला असतो, त्यामुळे सालपट काढून लाल तांबं दिसेपर्यंत मागे कापत जायचं आणि कमी पडेल तिथे त्याच जाडीची वायर जोडायची. जोड नुसता पिळून टेप मारायचा नाही. क्रिंप (दाबून बसवलेला जोड) किंवा डाग (सोल्डर), आणि वर आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह. चाकाच्या सेन्सरच्या दोन वायरी पिळलेल्या असतात. जोडल्यावर तो पीळ तसाच ठेवायचा, नाहीतर आजूबाजूच्या वायरींचा विजेचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो आणि एबीएस पुन्हा रुसतो. साफ केल्यावर ड्रॉप ०.०५ वर आला. हेडलाइट स्थिर, एबीएसचा कोड परत आला नाही.

आता उभ्या गाडीत उतरणारी बॅटरी. मीटरची पिन १० अँपिअरच्या भोकात लावून, बॅटरीची मायनस केबल काढून, केबल आणि खुंटी यांच्या मध्ये मीटर जोडायचं. त्याआधी दरवाज्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरनं दाबून ‘बंद’ अवस्थेत आणायचं, बॉनेटचंही, म्हणजे गाडीला सगळं बंद वाटेल. दरवाजा लावण्याआधी हँडल ओढून लॉक परत उघडा, नाहीतर लॉकवर लॉक आपटतं. मीटर जोडलेलं असताना सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज उडतो. मॉड्यूल झोपायला अर्धा तास द्या. चांगल्या गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर राहतात. इथे ३२० होते. दिवसाला साडेसात अँपिअर-अवर्सच्या वर. ७० ची बॅटरी, तीही थकलेली, चौथ्या दिवशी सेल्फ फिरवणार कशी?

एकेक फ्यूज उपटून बघण्याची पद्धत नव्या गाड्यांत फसते, कारण फ्यूज परत लावला की झोपलेली मॉड्यूल जागी होतात. त्याऐवजी फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. १० अँपिअरच्या लाल मिनी फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे साधारण १३० मिलिअँपिअर. मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारं हवं. दोन्ही फ्यूज बॉक्समध्ये सगळीकडे शून्य आलं. मग शिल्लक राहते ती बॅटरीच्या प्लसवरून थेट निघालेली वायर, म्हणजे अॅम्प्लिफायर. त्याची निळी रिमोट वायर म्युझिक सिस्टिमच्या रिमोट आउटपुटला न जोडता कायम चालू असलेल्या पिवळ्या वायरला जोडली होती. अॅम्प्लिफायर रात्रंदिवस जागा. निळी वायर जागेवर जोडली आणि आकडा ३० वर आला.

एअरबॅगचा दिवा स्टीअरिंगखालच्या क्लॉक स्प्रिंगचा (फिरत्या स्टीअरिंगपर्यंत वीज नेणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीचा) होता. हॉर्न कधी वाजतो कधी नाही, स्टीअरिंगवरची बटणं मेलेली आणि एअरबॅगचा दिवा, हे तिन्ही एकत्र असलं तर बहुधा तोच. हे रिकॉलमध्ये नव्हतं. हा पार्ट जोडून बघू नये, नवाच घ्यावा, आणि पिवळ्या कपलरच्या वायरींवर मीटर किंवा टेस्ट लॅम्प अजिबात लावू नये. त्या बारीक करंटनंही एअरबॅग फुटू शकते. मायनस काढून काही मिनिटं थांबल्याशिवाय स्टीअरिंगला हात लावू देऊ नका. नवा क्लॉक स्प्रिंग मध्यभागी लॉक केलेला येतो. चाकं सरळ ठेवूनच बसवायचा, नाहीतर पहिल्याच पूर्ण वळणाला आतली पट्टी तुटते.

वर्कशॉप रिकॉल करायलाच तयार नसेल तर आधी कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल करा: चेसिस नंबर, कॅम्पेन नंबर, जॉब कार्डाचा फोटो. फोनवरच्या आश्वासनाला अर्थ नाही. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आणि वस्तू-सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बहुतेक प्रकरणं ईमेलनंतरच हलतात, कारण तेव्हा प्रकरण डीलरकडून कंपनीच्या विभागीय माणसाकडे जातं.

काम झाल्यावर पावसाआधी एक गोष्ट करून टाका. वायपरखालच्या जाळीत मार्च-एप्रिलमध्ये कडुलिंबाचा मोहर आणि पाला साठतो आणि पाणी जायची भोकं बुजतात. वळवाच्या पहिल्या सरीला ते पाणी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या) रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे वायरी जाण्याच्या भोकाच्या बुचातून, केबिनमधल्या फ्यूज बॉक्सवर उतरतं. जाळी काढून हातानं कचरा काढा, तांब्याभर पाणी ओता, ते दोन्ही फेंडरच्या मागून खाली पडताना दिसायला हवं. अॅम्प्लिफायरच्या वायरीसाठी पाडलेलं ग्रोमेटचं भोक सिलिकॉननं बुजवा. इंजिन बे प्रेशरच्या पाण्यानं धुऊ देऊ नका, विशेषतः नव्या जोडांवर.